कोठीतून बाहेर येतं ते आधी पाहा: बडोद्यातली संग्रहालयं, ऋतूप्रमाणे

बडोद्यात पाहुणे आले की कमाटी बागेतलं संग्रहालय आणि राजवाड्याच्या आवारातलं फत्तेसिंह संग्रहालय एका दिवसात उरकायची आपल्याकडे रीतच पडली आहे. सकाळी देवमासा आणि ममी, दुपारी जेवण, चारच्या सुमाराला रविवर्मा. बाहेरगावच्या माणसाला ते ठीक आहे, त्याची संध्याकाळची गाडी असते. दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात राहणाऱ्यांनी मात्र असं पाहू नये. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या त्या देवमाशाचा सांगाडा ७० फुटांहून लांब आहे, तो कुठे जात नाही. जाते ती वरच्या दालनात तीन महिन्यांसाठी मांडलेली कागदावरची चित्रं आणि कापडं. ती एकदा कोठीत परतली की पुन्हा कधी दिसतील ते क्युरेटरही छातीठोकपणे सांगणार नाही. तेव्हा या शहरात संग्रहालयाची फेरी ठरवायची ती तात्पुरत्या प्रदर्शनांवरून. कायमची दालनं उरल्या वेळात होतात.

पुष्कळांना वाटतं की हंगामी प्रदर्शन म्हणजे गर्दी खेचायची युक्ती. तसली प्रदर्शनंही असतात, पण खरं कारण उजेडाचं आहे. लघुचित्रातले लाखेचे आणि वनस्पतींचे रंग, हळदीत रंगवलेलं कापड, जलरंग हे सगळं उजेडाने उडतं. उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नाही असा दंडक आहे. तैलचित्रांना १५० ते २०० चालतो. आता हिशेब करा. ५० लक्स, रोज ७ तास, ९० दिवस: झाले ३१,५०० लक्स-तास. सगळ्यात नाजूक रंगांसाठी वर्षाची मर्यादा धरतात १५,०००. म्हणजे तीन महिन्यांच्या प्रदर्शनात चित्राने दोन वर्षांचा वाटा खर्चून टाकला. पुढे त्याला अंधारात विश्रांती द्यावीच लागते. दिवा चुकून २०० लक्सचा लागला, तर तेवढंच नुकसान २२-२३ दिवसांत होऊन जातं.

यावरून एक साधी परीक्षा निघते. प्रदर्शनाच्या पाटीवर किंवा पत्रिकेत वस्तूंचे नोंदणी क्रमांक दिलेत का, आणि त्यातल्या किती वस्तू एरवी कायमच्या दालनात असतात? निम्म्याहून जास्त वस्तू वर्षभर भिंतीवर असणाऱ्याच असतील, तर ते नुसतं फर्निचर हलवणं झालं, सवडीने जा. कागद, कापड, हस्तलिखितं, जुने फोटो, इमारतींचे मूळ नकाशे असं काही निघालं असेल, तर पहिल्या पंधरवड्यात जा. शेवटच्या आठवड्यात शाळांच्या सहली येतात, आणि पंचवीस सेंटिमीटरवरून पाहायच्या चित्रासमोर चाळीस मुलं उभी असली की मुलांनाही काही दिसत नाही आणि तुम्हालाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. हवा कोरडी असते, भिंती घाम काढत नाहीत, आणि कोठीवाल्यांनाही नाजूक वस्तू बाहेर काढायला याच दिवसांत धीर येतो. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. त्या सुमाराला सरकारी आणि खासगी दोन्ही ठिकाणी काही ना काही मांडलेलं असतं. कमाटी बागेत मात्र रविवारी जाऊ नका. प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालय एकाच आवारात असल्याने रविवारचं दालन हे दालन राहत नाही. कामाच्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जावं, आणि निघण्याआधी सरकारी सुट्ट्यांची यादी चाळावी. फत्तेसिंह संग्रहालय सोमवारी बंद असतं. राजवाड्याचं तिकीट वेगळं, संग्रहालयाचं वेगळं; फाटकावर गडबडीत एकच काढून आत गेलेली माणसं नेहमी दिसतात.

लघुचित्रं पाहायला जाताना दोन गोष्टी सांभाळा. पांढरा शर्ट घालू नका. मंद उजेडात चित्रापुढच्या काचेवर तुमचाच शर्ट चमकतो आणि राजपुत्राच्या जागी तुमची बटणं दिसतात. दुसरं, बाहेरच्या उन्हातून थेट त्या दालनात शिरू नका. डोळ्यांना ५० लक्सची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ आधी दगडी मूर्तींमध्ये काढावा. असं न करता आत जाणारे लोक ‘इथं दिवेच नाहीत’ म्हणून वहीत तक्रार लिहितात, आणि एखादा घाबरलेला अधिकारी दिवे वाढवून टाकतो. साधं तीनपट भिंग खिशात असू द्यावं, हरकत कोणी घेत नाही. काचेला नाक लावू नका म्हणजे झालं.

कमाटी बागेतली मुख्य इमारत १८९४ ची, आराखडा मेजर मँट आणि चिझम यांचा. शेजारचं चित्रदालन १९१४ मध्ये बांधून झालं, पण पहिल्या महायुद्धात युरोपातून यायची चित्रं अडकली आणि दालन उघडायला १९२१ उजाडलं. त्या युरोपीय चित्रांसमोर पाटी नीट वाचा. ‘अमुक यांचं’, ‘अमुक यांच्या नावावर’, ‘अमुक यांच्या शिष्यवर्गातलं’ आणि ‘अमुक यांच्यावरून केलेली नक्कल’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या संग्रहात चारही असतात. नक्कल असली म्हणून पाठ फिरवू नये. विद्यार्थ्यांनी शिकावं म्हणून नकला मुद्दाम करून घेण्याची त्या काळी पद्धतच होती.

या संग्रहालयात एकच गोष्ट पाहायची झाली, तर अकोट्याच्या कांस्यमूर्ती. १९५१ मध्ये शहराच्या पश्चिमेला अकोट्यात ६८ जैन मूर्तींचा साठा सापडला, आणि उमाकांत शहांनी त्याचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ काढला. काळ पाचव्या ते अकराव्या शतकाच्या आसपासचा. जीवंतस्वामी, म्हणजे दीक्षेआधीचे, मुकुट आणि दागिने घातलेले महावीर, इथे आहेत. ऋषभनाथांच्या मूर्तीचे डोळे जवळून पाहा: बुबुळाभोवती चांदी बसवलेली आहे. दिवा समोरून असला की ते काही कळत नाही. दोन पावलं डावीकडे सरकलात की कांस्य काळं पडतं आणि डोळे उजळतात. चवरी धरलेली दासी ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध मूर्ती. तिच्या नेसूच्या वस्त्रावरची नक्षी मेणावर कोरलेली आहे, धातूवर नाही. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे थर, मग भाजून मेण काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती.

कांस्याचा शत्रू पावसाळा. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. जमिनीत शेकडो वर्षं राहिलेल्या मूर्तीत क्षार शिरलेले असतात, ते दमट हवेत जागे होतात आणि फिकट हिरव्या पिठासारखे ठिपके उगवतात. जुन्या कांस्यावरची घट्ट, गडद हिरवी झळाळी ही संरक्षक असते. हे पीठ मात्र रोग आहे, बोटाला लागतं, आणि तो आतून धातू खात जातो. काचपेटीत खाली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी किंवा ट्रे आणि कोपऱ्यात आर्द्रतेचा छोटा काटा दिसला, तर समजा इथे कोणीतरी लक्ष ठेवून आहे. काटा ४० टक्क्यांच्या आसपास हवा. काटा आहे पण बंद पडलाय, असंही पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतं. सेल बदलायचं काम कोणाचं, हे ठरलेलं नसतं.

पावसाळ्यात आणखी एक धोका म्हणजे विश्वामित्री. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी पूर आला तेव्हा शहराने काय भोगलं ते सांगायला नको. बाग नदीकाठची. त्या दिवसांत प्रदर्शन पुढे ढकललं गेलं तर कुरकूर करू नये. कागदाच्या वस्तू तळमजल्यावर ठेवणारं संग्रहालय आणि पाऊस लागायच्या आत त्या वर नेणारं संग्रहालय, यातलं दुसरं चांगलं, मग त्याची दालनं महिनाभर बंद का असेनात. कागदाला ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता काही दिवस मिळाली की बुरशी धरते. ती आधी चौकटीच्या मागच्या बाजूला धरते, म्हणून समोरून उशिरा कळते.

आता रविवर्मा. फत्तेसिंह संग्रहालय १९६१ पासूनचं, राजपुत्रांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत. रविवर्मा बडोद्याला पहिल्यांदा आले ते १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले त्या समारंभाच्या निमित्ताने. दिवाण सर टी. माधवराव आधी त्रावणकोरला दिवाण होते, तो दुवा. पुढे १८८८ मध्ये राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रांचं काम मिळालं. ‘विश्वामित्र-मेनका’, ‘अर्जुन-सुभद्रा’ ही त्यातलीच. आजी-पणजीच्या देवघरातल्या तसबिरींमुळे आपल्याला ही चित्रं ओळखीची वाटतात आणि माणसं मान डोलावत पुढे सरकतात. थांबा जरा. जरीच्या काठाजवळ जा, हातभर अंतरावर. तिथे सोनं नाही. तंजावरच्या चित्रात खरा वर्ख असतो, इथे पिवळी माती, तपकिरी आणि वर जाड पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे उंचावलेले ठिपके आहेत. तीन पावलं मागे या, त्यांची जर होते. छापील तसबिरीत हा उंचवटा नसतो. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या छापखान्यातल्या त्या प्रती दगडावरून रंगागणिक वेगळा ठसा घेऊन छापलेल्या. भिंगाखाली त्यांत बारीक ठिपके दिसतात. मूळ चित्र आणि तसबीर शेजारी शेजारी टांगलेलं प्रदर्शन कधी लागलं, तर ते अजिबात चुकवू नका.

तैलचित्रावर वॉर्निशची चमक येते. चित्रासमोर सरळ उभं राहून खिडकीच नजरेत येत असेल तर एका बाजूला सरका. साधारण ४५ अंशांवर चमक जाते. वॉर्निश पिवळं पडतं, त्यामुळे आकाशाचा निळा हिरवट दिसतो. ते रंग चित्रकाराने दिलेले नाहीत, हे ध्यानात ठेवून पाहावं. मोत्यांच्या गालिच्याबद्दल लोक अजून विचारतात: खंडेराव गायकवाडांच्या काळातला तो गालिचा २००९ मध्ये दोह्यात लिलावात गेला. बडोद्यात शोधू नका.

कार्यशाळांविषयी थोडं कडक बोलायला हवं. संग्रहालयाची कार्यशाळा आणि सोसायटीतला रंगपेटीचा वर्ग यांत फरक एकच: संग्रहालयात वस्तू समोर असते. मंडप बागेत, मुलं मंडपात, वस्तू आत आणि दोघांची गाठच नाही, असं असेल तर पैसे वाचवा. चांगल्या कार्यशाळेचा क्रम ठरलेला असतो. आधी २० मिनिटं दालनात, एकाच वस्तूपुढे. मग शिसपेन्सिलीने रेखाटन (शाईची पेनं आत नेऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे). मग बाहेर येऊन हाताने करणं. एका शिकवणाऱ्यामागे १२ ते १५ मुलं. त्याहून जास्त असली की शेवटच्या रांगेतल्या मुलाचा वेळ वाट पाहण्यात जातो. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना दीड तासाच्या वर बसवू नये. नाव नोंदवण्याआधी विचारा: साहित्य फीमध्ये आहे का, केलेली वस्तू घरी नेता येते का, आणि शिकवणारा मराठीतून समजावेल का? गुजराती आणि इंग्रजी हमखास असते. मराठी बोलणारा माणूस त्यांच्याकडे बहुतेक असतोच, फक्त आधी कळवलं तर त्याला त्या वेळेला बोलावतात. ज्येष्ठांच्या मंडळांनी पंधराचा गट करून असं आधी कळवावं, आणि घडीच्या चार-पाच खुर्च्यांची सोय आहे का तेही विचारून घ्यावं.

गणपतीआधी मातीच्या मूर्तींच्या कार्यशाळा जागोजागी लागतात. शाडू म्हणाल तर पेणचे कारागीरसुद्धा ती गुजरातेतून, भावनगरकडून मागवतात, तेव्हा बडोद्यात मातीची ओरड नसावी. सहा ते आठ इंची मूर्तीला दीड ते दोन किलो माती लागते. आयोजक अर्धा किलोचा गोळा हातात देत असतील तर मूर्ती चार बोटांचीच होणार, ते आधी कळलेलं बरं. हमखास बिघडतं ते सोंडेच्या आणि हातांच्या सांध्याशी. दोन्ही बाजूंना सुईने ओरखडे काढून, पातळ मातीचा घोळ लावूनच जोडावं. नुसतं पाणी लावून चिकटवलेला हात तिसऱ्या दिवशी गळून पडतो. इंचापेक्षा जाड भाग आतून पोकळ करायचा, नाहीतर बाहेरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला राहतो आणि पोटावर उभी चीर जाते. वाळवायची सावलीत, पावसाळी हवेत पाच-सहा दिवस तरी. पंख्याखाली ठेवलीत तर एका बाजूने तडकणार. शनिवारी करून सोमवारी रंगवा असं सांगणारी कार्यशाळा ओल्या मातीवर रंग लावायला लावते, आणि तो रंग पापुद्र्याने सुटतो.

पिठोऱ्याच्या कार्यशाळेला मुलांना पाठवण्याआधी मात्र दोनदा विचार करा. छोटा उदेपूरकडच्या राठवा समाजात पिठोरा हे घरातल्या भिंतीवर नवसाने लिहवून घेतलेलं पूजेचं काम आहे. भिंत आधी शेण आणि पांढऱ्या मातीने सारवतात, रंगात दूध आणि मोहाची दारू मिसळतात, लिहिणारे लखारा वेगळे आणि विधी चालवणारा बडवा वेगळा. त्यातला एक घोडा उचलून तासाभरात चुंबकाच्या चकतीवर रंगवायचा, याला काय म्हणावं? लखारा स्वतः आले असतील, ते सांगत असतील, त्यांचं मानधन नीट दिलं जात असेल, तर जरूर जावं. रंगवायला काही मिळालं नाही तरी चालेल. त्यांना काम करताना दोन तास पाहणं पुष्कळ आहे.

भिंतीवरची चित्रं कोठीत जात नाहीत, म्हणून त्यांना हंगाम नाही. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोस यांची चार भित्तिचित्रं आहेत, १९३९ ते १९४६ मधली: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातली चित्रं. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारत, आणि त्यांच्या जोडीला गोऱ्या मडमाही. दोन्हीकडे सकाळचा उजेड चांगला. बॅटरी सोबत न्या, पण झोत चित्रावर रोखू नका. बाजूने, भिंतीला समांतर धरलात की पोपडे कुठे सुटलेत तेही दिसतं.

उन्हाळ्यात शहर चाळिशी ओलांडतं, १८ मेच्या संग्रहालय दिनाखेरीज संग्रहालयांत फारसं काही नसतं. पण परीक्षांच्या सुमाराला सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन लागतं आणि ते कमाटी बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९५० मध्ये ही फॅकल्टी सुरू झाली तेव्हा इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे चित्रकला शिकवायला होते, शिल्पकलेला शंखो चौधुरी. म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग १९५२ चा, देशातला पहिला. वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक स्टुडिओत मूल स्वतः उभं असतं, विचाराल ते सांगतं. संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा ऊन उतरतं आणि मुलंही मोकळी होतात.

तिथे विकत घ्यायचं झालं तर मुद्राचित्रं, म्हणजे ठशावरून हाताने छापलेली चित्रं, घ्यावीत. कॅनव्हासपेक्षा स्वस्त असतात आणि विद्यार्थ्यालाही हातखर्च मिळतो. खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला अपूर्णांक पाहा: ३/१० म्हणजे दहा प्रतींपैकी तिसरी. सही पेन्सिलीचीच हवी. कागद सुती आहे का ते विचारा. लाकडाच्या लगद्याचा असेल तर काही वर्षांत पिवळा पडेल. नावासकट पावती लिहून घ्या. चित्र गुंडाळून नेलंत तर घरी आल्यावर लगेच उलगडा, आठवडाभर नळीत ठेवू नका. चौकटीवाल्याला बजावून सांगा की काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये आम्लविरहित माउंट (पुठ्ठ्याची आतली चौकट) हवं, आणि मागे सेलोटेप लावायची नाही. तो ‘सगळे असंच करतात’ म्हणेल. पश्चिमेची भिंत सोडून दुसरीकडे टांगा.